फॅब्रिकेशनच्या शेडमधून प्लांट इंजिनिअरिंग कंपनी उभी करताय? या चुका टाळा

लोटे-परशुराम, महाड, रोह्याचं धाटाव, रत्नागिरीचं मिरजोळे, खाली कुडाळ. कोकणातल्या कुठल्याही एमआयडीसीत शिरलात की कंपन्यांच्या मध्ये फॅब्रिकेशनची शेड लागतेच. मालक बहुधा एखाद्या कंपनीच्या मेंटेनन्समध्ये फिटर नाहीतर वेल्डर म्हणून वर्षं काढलेला. हात चांगला, शब्दाला पक्का. सुरुवात पाइप रॅक, प्लॅटफॉर्म, टाक्यांची दुरुस्ती, शटडाऊनमध्ये लाइन बदलणं अशा कामांनी झालेली असते. मग एके दिवशी प्लांट मॅनेजर म्हणतो, "आमचं सॉल्व्हंट रिकव्हरीचं युनिट वाढवायचंय. डिझाइनपासून कमिशनिंगपर्यंत सगळं तुम्हीच करा की." सॉल्व्हंट रिकव्हरी म्हणजे वापरलेलं द्रावक पुन्हा शुद्ध करून काढणं, आणि कमिशनिंग म्हणजे प्लांट चालू करून दाखवणं.

इथे भली भली माणसं अडखळतात. मी आधी कंपनीच्या बाजूने कंत्राटदारांची कामं तपासली आणि आता कंत्राटदारांच्या बाजूने बसून त्यांच्या ऑफर आणि करार वाचतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी त्याच त्या चुका पाहून वैताग आलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. फॅब्रिकेटर किलोवर पैसे घेतो. ड्रॉइंगप्रमाणे वेल्ड झालं, माप बरोबर आलं, की त्याची जबाबदारी संपते. प्लांट चालतो की नाही, हे प्लांटच्या मालकाने बघायचं. प्लांट इंजिनिअरिंग कंपनीने मात्र तासाला इतकं सॉल्व्हंट, इतक्या शुद्धतेचं, इतक्या वाफेत निघेल, असं सही करून दिलेलं असतं. कंपनी वाढते ती ही सही निभावण्याची ताकद वाढली की. शेड लांब झाली, नवी हायड्रा क्रेन दारात उभी राहिली, व्हिजिटिंग कार्डावर 'टर्नकी' (डिझाइनपासून चालू प्लांटपर्यंत सगळं) छापलं, यातल्या कशानेही ती वाढत नाही.

मोठी ऑर्डर घेतली म्हणजे कंपनी मोठी झाली असं समजणं

सगळ्यात जास्त कंपन्या या एका चुकीने बुडाल्या, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

समजा ऑर्डर २ कोटींची आहे. अटी नेहमीच्याच: १० टक्के ॲडव्हान्स बँक गॅरंटीवर, ६० टक्के माल साइटवर पोचल्यावर, १० टक्के उभारणीनंतर, १० टक्के कमिशनिंगनंतर आणि १० टक्के रिटेन्शन, म्हणजे कामाच्या हमीसाठी मागे ठेवलेली रक्कम, वर्षभराने. कागदावर छान दिसतं. आता पैसा कधी हलतो ते पाहा. ॲडव्हान्सचे २० लाख मिळाले, पण गॅरंटीसाठी बँकेने मार्जिन म्हणून २५ टक्के ठेव मागितली, तर ५ लाख तिथे अडकले. हातात राहिले १५. माल, म्हणजे प्लेट, पाइप, फ्लँज, पंप, मोटर, व्हॉल्व्ह, साधारण १ कोटी १० लाखांचा. तो पहिल्या तीन महिन्यांत घ्यावा लागतो आणि प्लेटवाला फार तर तीस दिवस थांबतो. मजुरी दर आठवड्याला. माल साइटवर गेला की ६० टक्क्यांचं बिल लागतं, ते आधी स्टोअर, मग क्वालिटी, मग अकाउंट्स असं फिरत दीड-दोन महिन्यांनी पास होतं. उभारणीच्या २० लाखांच्या बिलावर ३ लाख ६० हजार जीएसटी. ज्या महिन्यात बिल काढलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तो भरायचा, कंपनीने पैसे दिले असोत वा नसोत. मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. स्वतःच्या माणसांना दिलेल्या पगारावर मिळत नाही, त्यामुळे उभारणीच्या बिलावरचा बहुतेक कर खिशातूनच जातो.

आणि नफा? अशा कामात १० ते १२ टक्के सुटले तरी चांगलं, म्हणजे २० ते २४ लाख. कमिशनिंग आणि रिटेन्शन मिळून शेवटचे ४० लाख प्लांटच्या मालकाकडे राहतात. सगळा नफा आणि वर तुमच्या पदरचे पंधरा-वीस लाख त्या शेवटच्या ४० लाखांत अडकलेले असतात. नवखा माणूस ऑर्डर घेताना वरचा आकडा बघतो. मी आधी शेवटचे दोन हप्ते कशावर सुटणार आहेत ते वाचतो.

खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका फॅब्रिकेटरची गोष्ट. गृहस्थ अतिशय प्रामाणिक, काम बघत राहावं असं. त्यांना त्यांच्या नेहमीच्या कामाच्या पाचपट मोठी ऑर्डर मिळाली. ॲडव्हान्स आला त्या आठवड्यात जुन्या कामाच्या प्लेटवाल्याची थकबाकी त्यातून भागवली, कारण तो रोज शेडवर येऊन बसत होता. म्हणजे नवीन कामाची प्लेट घ्यायला पैसे नाहीत. ती उधारीवर, चढ्या दराने घेतली. तरीही माणसाने युनिट वेळेत उभं केलं. ट्रायल मात्र घेता येईना, कारण मालकाचा नवीन बॉयलरच आला नव्हता. वाफ नाही, म्हणून कमिशनिंग नाही, म्हणून शेवटचे दोन्ही हप्ते नाहीत. रिटेन्शनचं वर्ष कमिशनिंगपासून मोजायचं होतं, ते सुरूच होईना. करारात मालकाच्या उशिराबद्दल एक शब्द नव्हता. उलट यांच्या उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड छापलेला होता आणि पर्चेसवाले तोच दाखवत होते. वेल्डर दुसरीकडे गेले. शेवटी रोलिंग मशीन विकलं. युनिट आजही उत्तम चालतंय, ते उभं करणारी कंपनी मात्र राहिली नाही.

तेव्हापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक करारात मी एक कलम घालतोच: कंत्राटदाराचा दोष नसताना मेकॅनिकल काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत कमिशनिंग झालं नाही, तर तो हप्ता बँक गॅरंटीवर सोडायचा आणि वॉरंटीचं वर्ष तिथूनच मोजायचं. "साहेब, असं मागितलं तर ऑर्डर जाईल," असं मला दर वेळी ऐकावं लागतं. हे कलम वाचून ऑर्डर काढून घेणारा मालक पुढे पैसेही वेळेवर देणारा नसतो. अशी ऑर्डर गेली तर जाऊ द्या.

बाकी माझ्या सवयी सांगतो. प्रत्येक मोठ्या कामाला वेगळं बँक खातं, आणि त्या खात्यातला पैसा त्याच कामाला. आजवर पूर्ण करून शेवटचा रुपया वसूल झालेलं सगळ्यात मोठं काम जेवढं, त्याच्या दुपटीपेक्षा मोठी ऑर्डर घ्यायची नाही. सप्लाय आणि उभारणीच्या पीओ (खरेदी ऑर्डर) वेगळ्या मागायच्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, ऑर्डर घेण्याआधीच केलेली हवी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. पण निव्वळ वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला) हा कायदा लागू होतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत आणि निकाल कंत्राटदारांच्या विरोधातही गेलेत. मालाची पीओ वेगळी असली की निदान त्या पैशांसाठी तुमची बाजू भक्कम राहते.

ड्रॉइंग मंजूर व्हायच्या आधी कटिंग

उतावळेपणाचा हा सगळ्यात महागडा नमुना. "माणसं बसून आहेत, प्लेट आलीय, शेल रोल करून भोकं पाडून ठेवू, मंजुरी नंतर बघू." शेल म्हणजे टाकीचं गोल अंग. मग मंजूर ड्रॉइंग येतं त्यात मॅनहोल (माणूस आत उतरायचं तोंड) नव्वद अंश फिरलेलं असतं, कारण त्या बाजूला पाइप रॅक आहे. भोकं बुजवलेलं शेल कुठला चांगला इन्स्पेक्टर पास करेल? माणसं बसून राहिली तर आठवड्याची मजुरी जाते. शेल वाया गेलं तर प्लेट, मजुरी आणि मुदत तिन्ही जातात. मंजुरीचा शिक्का, सही आणि रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय गॅस कटर पेटवायचा नाही. शेडमध्ये जुन्या रिव्हिजनचा कागद दिसला तर मी तो तिथल्या तिथे फाडतो.

आधी मशीन, मग माणूस

चार पैसे सुटले की कर्ज काढून सीएनसी प्लाझ्मा कटिंग नाहीतर मोठं प्लेट रोलिंग मशीन घ्यायचं, ही हौस जवळजवळ प्रत्येकाला. डिझाइन आणि प्लॅनिंग करणाऱ्या इंजिनिअरला मात्र वर्षानुवर्षं जागा नसते. मशीनचा हप्ता काम असो-नसो जातो, म्हणून मग पडेल त्या दराने टनावारी काम घ्यावं लागतं आणि माणूस पुन्हा किलोच्या धंद्यात अडकतो.

लार्सन अँड टुब्रोची सुरुवात आठवा. १९३८ मध्ये दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत डेन्मार्कच्या डेअरी यंत्रांची एजन्सी घेतली होती. युद्धात आयात बंद पडली, तेव्हा त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं, जहाजांची दुरुस्ती केली. टाटांचा सोडा ॲशचा कारखाना उभारायला आलेल्या जर्मन इंजिनिअरांना युद्धामुळे स्थानबद्ध केलं गेलं आणि उभारणीचं ते काम यांच्याकडे आलं. ते पेलता आलं, कारण यंत्र समजून घेऊन उभं करणारे इंजिनिअर कंपनीच्या आत होते, खुद्द मालकच तसे होते. आपल्याकडेही लोणेरेच्या विद्यापीठातून, रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून मुलं बाहेर पडतात आणि सरळ पुण्याची गाडी धरतात, कारण इथला मालक त्यांना सुपरवायझरच्या पगारावर साइटवर उभं करतो. दोन मुलांना नीट पगार द्या, एकाला पाइपिंगचं डिझाइन शिकवा, दुसऱ्याला एस्टिमेशन आणि प्लॅनिंग. मशीन भाड्याने मिळतं, जॉबवर्कने प्लेट रोल करून मिळते. तुमच्या कामाची चूक कागदावरच पकडणारा माणूस भाड्याने मिळत नाही.

कोकणातली हवा आणि पाणी हिशेबात न धरणं

हा माझा खास रागाचा विषय आहे. घाटावरच्या पद्धती इथे जशाच्या तशा वापरणारे लोक मला समजत नाहीत.

खाडीजवळच्या एका साइटवर एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पाइपलाइनचं काम होतं. वेल्डिंग सुंदर, रेडिओग्राफी (वेल्डचा एक्स-रे) पास. मे अखेरीला हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, घ्यायची होती. टँकरवाल्याने खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आणलं. मे महिन्यात त्या विहिरींना मचूळ पाणी लागतं, हे गावातलं पोरही सांगेल, पण विचारलं कुणी नाही. टेस्ट डिझाइन प्रेशरच्या दीडपट, नियमाप्रमाणे धरून ठेवली, कागदावर सह्या झाल्या. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. सगळे घाईत, लो पॉइंटचे ड्रेन उघडून पाणी पूर्ण काढायचं राहिलं. "कमिशनिंगच्या वेळी फ्लश होणारच आहे, आता कशाला?" असं सुपरवायझर म्हणाला. ते पाणी सबंध पावसाळा आडव्या पाइपांच्या तळाशी साचून राहिलं. ऑक्टोबरमध्ये लाइन भरून चालू केली, तर वेल्डच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून थेंब. एक बंद केलं की पुढे दुसरं. पाइप कापून पाहिला तर तळाच्या बाजूला खड्डेच खड्डे. साचलेल्या पाण्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टील असं टोचल्यासारखं पोखरलं जातं. वेल्डशेजारचा काळपट पट्टा पिकलिंग (ॲसिडने साफ) करून काढलेला नसेल, तर तिथून आधी.

बरीचशी लाइन बदलावी लागली, कंत्राटदाराच्या खर्चाने. त्याहून मोठं नुकसान पुढे झालं. त्या भागातल्या इतर कंपन्यांचे मॅनेजर एकमेकांना फोन करून विचारतात, "याचं काम कसं?" त्या एका लाइनमुळे त्याला पुढची कामं मिळायची बंद झाली.

एसएसच्या हायड्रोटेस्टच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली हवं, बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये हेच लिहिलेलं असतं. मी प्रत्येक टँकरचं पाणी जागेवर किटने तपासतो आणि रिपोर्ट टेस्ट पॅकमध्ये (चाचणीच्या कागदांत) लावतो. टँकर परत पाठवायची वेळ आली तर पाठवतो, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. टेस्ट संपली की त्याच दिवशी सगळे व्हेंट आणि ड्रेन उघडायचे, कोरड्या हवेने लाइन फुंकायची. 'नंतर फ्लश होईल' हे वाक्य माझ्या साइटवर चालत नाही.

रंगाचंही तसंच. जुलैत उघड्यावर ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने गंज काढणं) करून प्रायमर मारणारे मी दर वर्षी बघतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंग मारायचा नाही, हा नियम जगभरचा आहे. कोकणात पावसाळ्यात असे तास कमीच मिळतात, त्यामुळे ब्लास्टिंग आणि प्रायमर मेपर्यंत उरका किंवा बंद शेडमध्ये डीह्युमिडिफायर लावून करा. किनाऱ्याजवळ पडून राहिलेल्या स्ट्रक्चरवर मीठ बसतं. ब्लास्टिंगच्या आधी ते गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली दोन पावसाळ्यांत फोड येतात. आणि ७०१८ चे वेल्डिंग रॉड फोडलेल्या पाकिटातून थेट होल्डरमध्ये लावणाऱ्याला मी वेल्डर मानत नाही. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांना, बेक करून मदर ओव्हनमध्ये, तिथून पोर्टेबल ओव्हनमध्ये, तिथून हातात. ओलसर रॉडमुळे वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो, इन्स्पेक्टर सही करून गेल्यावर.

इथलं वर्ष न बघता शेड्यूल करणं

जून-जुलैत लावणीला स्थानिक हेल्पर जाणारच. गणपतीत साइट रिकामी होणारच, शिमग्यालाही. बाहेरून आलेले वेल्डर छठला गावी जातात. हे सगळं आधीपासून ठाऊक असताना बार चार्टमध्ये बाराही महिने सारखीच माणसं दाखवायची आणि मग दंड भरायचा, याला काय अर्थ आहे? मी शेड्यूल करताना आधी हे आठवडे खोडतो, मग काम मांडतो.

एकाच गिऱ्हाईकावर आणि घोषणांवर भरवसा

गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून तो पुन्हा उभा करावा लागला. मधली वर्षं फक्त त्याच कामावर विसंबलेल्याने काय करायचं? पुढे नाणारची वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी येणार म्हणून धावपळ झाली. २०१९ मध्ये सरकारने तिथलं भूसंपादन रद्द केलं. प्रकल्प हवा की नको हा गावकऱ्यांचा प्रश्न आहे आणि त्यांना तो विचारायचा हक्क आहे. तुम्ही पीओ हातात येईपर्यंत जागा आणि यंत्रं घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. वर्षाच्या धंद्यात एका गिऱ्हाईकाचा वाटा चाळीस टक्क्यांवर गेला की मी शेडच्या मालकाला दुसरीकडे ऑफर द्यायला लावतो, पहिली एक-दोन कामं कमी नफ्यात करावी लागली तरी.

थोडक्यात आणखी काही

वाफेची लाइन ३.५ किलो प्रेशरच्या वर असेल, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरच्या वर आणि प्रेशर १ किलोच्या वर असेल, तर ती आयबीआरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांत, येते. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ चा आला म्हणून हे सुटलं असं समजू नका. बॉयलर खात्याची ड्रॉइंगला मंजुरी, सर्टिफिकेट असलेला पाइप आणि प्रमाणित वेल्डर हे तिन्ही काम सुरू व्हायच्या आधी हवं. लाइन झाल्यावर सर्टिफिकेट 'मॅनेज' करून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातून परत पाठवा.

प्लेट कापताना हीट नंबर (प्लेट कुठल्या ओतातली, ती खूण) दुसऱ्या तुकड्यावर पंच केला नाही, तर तो तुकडा भंगारात. यात सूट नाही.

साइटवर तोंडी सांगितलेलं जादा काम त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा, फोटो आणि माणसांच्या तासांसकट. "नंतर बघू" म्हणणारे साहेब बदलून जातात आणि नवीन साहेबांना काही माहीत नसतं.

मोठ्या व्यासाची टाकी शेडमध्ये बनवून घेण्याआधी रस्ता स्वतः जाऊन मोजा. विजेच्या तारा, गावातली वळणं, घाट, पूल, आणि तुमच्याच शेडचं गेट. बसत नसेल तर पाकळ्या (टाकीचे सुटे भाग) शेडमध्ये करा आणि जुळणी साइटवर.

प्रोसेस गॅरंटी देताना मालकाचा कच्चा माल, वाफेचं प्रेशर आणि कूलिंग वॉटरचं तापमान काय धरलंय ते गॅरंटीच्याच पानावर लिहा. एप्रिल-मेच्या दमट हवेत कूलिंग टॉवर जानेवारीइतकं थंड पाणी देणार नाही. कंडेन्सर जानेवारीच्या आकड्यावर काढलात तर ट्रायलला तोंडघशी पडाल.

शेवटचं बिल बहुतेक वेळा कामामुळे अडत नाही, डॉसियरमुळे, म्हणजे कामाच्या कागदपत्रांच्या फाइलमुळे, अडतं. एमटीसी (मालाचं टेस्ट सर्टिफिकेट), वेल्ड मॅप (कुठला जोड कुठे, त्याचा नकाशा), वेल्डरची क्वालिफिकेशन, रेडिओग्राफी, हायड्रोटेस्ट, पेंट रिपोर्ट, ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) ड्रॉइंग. शेवटच्या महिन्यात हे गोळा करायला बसणाऱ्याचे निम्मे कागद सापडत नाहीत. रोजचा कागद रोज फाइलला आणि रोज स्कॅन. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत, दुकानादुकानांत शिरलं, तेव्हा लोकांची आयुष्यभराची कागदपत्रं वाहून गेली. तुमचं ऑफिस तळमजल्यावर असेल तर मूळ फाइल वरच्या मजल्यावर हलवा आणि स्कॅनची एक प्रत गावाबाहेर, दुसऱ्या शहरातल्या कुणाकडे तरी ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आधी करा.